शुगर आहे म्हणून वेगळं पातेलं नको



बेव्हर्ली पार्कच्या इमारतींत घरकाम करणारी आपल्या वस्तीतली एक ताई गेल्या थंडीत माझ्याकडे आली. गोळ्या चालू, तरी शुगर उतरेना. काय खाता, विचारलं. म्हणाली, "दवाखान्यातून कागद दिला, त्यात आपलं काहीच नाही. म्हणून मटण सोडलं. वरणाचं पाणी आणि भात खाते. भूक लागली की चहा-टोस्ट." घरच्यांसाठी मोठ्याचं मटण तीच शिजवायची आणि स्वतः बाजूला बसायची.

कागदावर ओट्स, पनीर, बदाम होते. चुकीचं काही नव्हतं, पण तुमच्या घरी काय शिजतं, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. सांगायची तिलाही लाज वाटली. वॉर्डात असताना असे कागद मीही वाटले आहेत.

खरी गोष्ट अशी, की मटणात पिष्ट जवळजवळ नसतं. शुगर चढवतात भात, पाव, बटाटा, टोस्ट. थंडीत गरम रस्सा समोर आला की दुसरी भाकरी कधी संपते, कळत नाही. म्हणून पातेलं सगळ्यांचं एकच ठेवा. मोजायची ती भाकरी.

मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गाईबरोबरच बैल, वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. म्हैस-रेडा त्यात येत नाही. म्हशीचं मटण परवाना असलेल्या दुकानातूनच घ्या आणि त्याच दिवशी शिजवा.

साहित्य (५ माणसांसाठी)
बिनहाडाचं म्हशीचं मटण अर्धा किलो, मूठभर भिजवलेली चणाडाळ, २ कांदे, २ टोमॅटो, १ मुळा, १ गाजर, पाव किलो दुधी, पाव किलो श्रावणघेवडा, आलं-लसणाचं वाटण २ चमचे, तेल ३ लहान चमचे, हळद, काळा मसाला, मीठ बेताचं. बटाटा नको.

कृती
१. मटणाची पांढरी चरबी सुरीने काढा.
२. कुकरमध्ये तेलावर कांदा, वाटण, मसाला परता. मटण घालून पाच मिनिटं परता.
३. टोमॅटो, चणाडाळ आणि चार पेले गरम पाणी घाला. एक शिटी झाली की आच मंद करून ३५-४० मिनिटं शिजवा.
४. वाफ जिरल्यावर वर आलेला तवंग पळीने काढा. भाज्या घालून झाकण नुसतं ठेवून १५ मिनिटं शिजवा. रस्सा डाळीनेच दाट होतो. खोबरं-शेंगदाणे लागत नाहीत.

ताटात किती?
आधी काकडी-मुळ्याची कोशिंबीर. मग मटणाचे ३-४ तुकडे, भाज्या भरपूर, ज्वारीची एक मध्यम भाकरी. भात हवाच असेल तर अर्धी भाकरी आणि अर्धी वाटी भात. हा रस्सा आठवड्यातून एक-दोनदाच. लाल मांस रोज खाणं हृदयाला बरं नाही. ज्या घरी मांसाहार नाही, त्यांनी भिजवलेले हरभरे घालावेत आणि भाकरी अर्धीच घ्यावी.

सांभाळा
मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मटण किती खायचं, ते डॉक्टरांना विचारा. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण चुकवू नका. अचानक घाम सुटला, हात थरथरले तर लगेच तीन लहान चमचे साखर पाण्यात द्या. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. जेवायला बसल्यापासून दोन तासांनी शुगर साधारण १८०च्या आत हवी.

ती ताई आता सगळ्यांबरोबर जेवते. तीन महिन्यांनी तपासलं तेव्हा आकडा उतरला होता. गोळ्या चालूच आहेत. अखेरच्या वर्षांत बाबासाहेबांचं शरीरही मधुमेहाने पोखरलं होतं. हा आजार अंगावर काढू नका. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. आणि तिथे काय खाता विचारलं, की मान वर करून खरं सांगा. नाही विचारलं, तरी सांगा.