बग ट्रॅकर निवडताना नोंद करणाऱ्याकडे बघा

बदलापूरचे आम्ही काही मित्र बिलं काढायचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर लिहितो. उल्हासनगरची कापड दुकानं, अंबरनाथ एमआयडीसीतली छोटी वर्कशॉपं ते वापरू लागली आणि चुका कळू लागल्या. नोंदींसाठी बगझिला बसवलं. मोझिलाने १९९८ मध्ये खुलं केलेलं, केडीई आणि लिबरऑफिस आजही वापरतात असं भक्कम साधन. पण तिथे आधी खातं उघडायचं, मग प्रॉडक्ट, कंपोनंट, व्हर्जन निवडायचं. काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना दुकानदार हे कधी करणार? त्याने स्क्रीनचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला: "बिल शून्याचं येतंय."

रक्कम देवनागरी अंकांत टाइप केली की प्रोग्रॅमला ती वाचताच येत नव्हती. दुरुस्ती झाली. पुढे एका बदलात तीच चूक परत आली, तोवर फोन बदललेला, त्यातलं बोलणं गेलेलं. कारण पुन्हा मुळापासून शोधावं लागलं.

म्हणून आग्रहाने सांगतो, आधी नोंद करणाऱ्याची सोय बघा, प्रोग्रॅमरची नंतर. डेबियन या लिनक्स वितरणात ईमेल पाठवला की नोंद होते, खातं लागत नाही. प्रत्येक नोंदीला क्रमांक मिळतो आणि दुरुस्ती करणारा तोच क्रमांक चेंजलॉगमध्ये लिहितो. एखादा बदल का केला, ते वर्षांनंतरही सापडतं.

छोट्या प्रकल्पाने स्वतःचा सर्व्हर सांभाळू नये. अपडेट, बॅकअप, स्पॅम यांतच रविवार जातो. कोड जिथे आहे तिथलीच इश्यूंची यादी पुरते. व्हॉट्सॲपवरची तक्रार आता आमच्यातला एक जण त्याच दिवशी मराठीत नोंदवतो, बिलावरचं गिऱ्हाइकाचं नाव-नंबर झाकून फोटो जोडतो आणि दुकानदाराला क्रमांक कळवतो.

कोड ठेवायची अशी फुकट जागाही कायमची नसते. गूगल कोड जानेवारी २०१६ मध्ये बंद झालं. पुण्यातल्या रेड हॅटच्या अभियंत्यांनी वाढवलेल्या लोहित फॉन्टचं काम जिथे होतं, ते फेडोराहोस्टेड २०१७ मध्ये. गिटमुळे कोड प्रत्येकाच्या संगणकावर पूर्ण असतो; तक्रारी आणि त्यांवरची चर्चा मात्र साइटवरच राहते. तेव्हा ट्रॅकर ठरवण्याआधी चार खोट्या नोंदी टाका, एक्स्पोर्ट करा, फाइल उघडून बघा: टिप्पण्या आल्या का, मराठी अक्षरं शाबूत आहेत का. फोटोंच्या जागी नुसत्या लिंक आल्या, तर फोटो वेगळे उतरवून ठेवायची व्यवस्था आधी करा.