मापाचे माप

(सूक्ष्म कण मोजणाऱ्या उपकरणांची पारख करणे हे शास्त्रज्ञांचे एक महत्त्वाचे काम आहे. ते कसे चालते आणि त्यात प्रामाणिकपणाला किती मोल असते, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याकडे जाणारा रस्ता एकमेकांना मिळतात. कांद्याने भरलेल्या मालमोटारी तुम्ही या रस्त्यांवर पाहिल्या असतील. तो माल कुठेतरी वजनकाट्यावर तोलला जातो. शेतकऱ्याच्या कष्टांची किंमत त्या काट्यावर ठरते. पण काटाच खोटे बोलत असेल तर?

म्हणून काट्याचीही तपासणी होते. आधी रिकामा काटा शून्य दाखवतो का, ते पाहतात. मग त्यावर प्रमाणित वजन ठेवतात. वीस किलोचे वजन ठेवल्यावर काट्याने वीसच दाखवले पाहिजेत. हलके, मध्यम आणि जड अशी वेगवेगळी वजने ठेवून पाहतात. ही तपासणी ठरावीक मुदतीने पुन्हा करावी लागते, कारण वापराने काटा बिघडतो. तराजू, वजन, हिसाब हे शब्द तुमच्या उर्दूतही आहेत आणि मराठीतही आहेत. खऱ्या मापाची गरज सगळ्यांनाच असते!

आता एका वेगळ्या तराजूची ओळख करून घेऊ. अवकाशातून पृथ्वीवर सतत विश्वकिरण येत असतात. ते वातावरणातील हवेवर आदळतात आणि त्यातून नवे कण तयार होतात. त्यांपैकी म्यूऑन नावाचे कण जमिनीपर्यंत पोहोचतात. तुम्ही हा पाठ वाचत असताना तुमच्या हाताच्या पंजाएवढ्या जागेतून दर मिनिटाला सुमारे शंभर म्यूऑन आरपार जात आहेत. ते दिसत नाहीत आणि जाणवतही नाहीत. त्यांना टिपणाऱ्या उपकरणाला कणशोधक म्हणतात. कण आत शिरला की शोधकात विजेचा एक लहानसा ठोका उमटतो. तो ठोका किती ऊर्जेचा, हे कसे ओळखायचे? त्यासाठी शोधकाची ज्ञात मापाशी पारख करावी लागते. या कामाला कॅलिब्रेशन म्हणतात.

हे काम काट्याच्या तपासणीसारखेच असते. आधी एकही कण आलेला नसताना शोधक काय दाखवतो, ते नोंदवतात. हे झाले त्याचे शून्य. मग ज्ञात ऊर्जेचे किरण देणारा पदार्थ त्याच्याजवळ ठेवतात. सीझियम-१३७ या पदार्थाचे गॅमा किरण ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे असतात. कोबाल्ट-६० चे किरण ११७३ आणि १३३२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे असतात. ही झाली शास्त्रज्ञांची प्रमाणित वजने. म्यूऑन स्वतःही या कामी येतो. एक सेंटिमीटर प्लॅस्टिक पार करताना तो साधारण वीस लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा गमावतो. हा हिसाब आधीच माहीत असल्यामुळे आकाशातून आलेले हे वजन फुकट वापरता येते.

होमी भाभा यांनी १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली. ही संस्था मुंबईत कुलाब्याला आहे. तिची विश्वकिरणांची एक प्रयोगशाळा तमिळनाडूत उटी येथे आहे. तेथील प्रयोगाचे नाव ग्रेप्स-३! हे नाव इंग्रजी अक्षरे जुळवून बनवले आहे. नाशिककरांना मात्र ते ऐकून द्राक्षेच आठवतील. तेथे सहा मीटर लांबीच्या ३७१२ नळ्या काँक्रीटच्या जाड थरांखाली रचून ठेवल्या आहेत. नळ्यांत आर्गॉन आणि मिथेन वायूंचे मिश्रण असते. त्या दर मिनिटाला सुमारे पंचवीस लाख म्यूऑन मोजतात.

१ डिसेंबर २०१४ रोजी उटीवर गडगडाटी ढग आले. त्या ढगांतून येणारे म्यूऑन सुमारे दोन टक्क्यांनी कमी झाले. शंभरात फक्त दोन! ही घट अठरा मिनिटे टिकली. त्यावरून शास्त्रज्ञांनी हिसाब मांडला. ढगात सुमारे १३० कोटी व्होल्टचा विद्युतदाब निर्माण झाला होता, असे त्यांनी २०१९ मध्ये जाहीर केले. गडगडाटी ढगात इतका मोठा दाब त्यापूर्वी कोणी मोजला नव्हता.

आता विचार करा. नळ्यांतील वायू किंवा त्यांना दिलेला विद्युतदाब थोडा बदलला, तरी मोजणीत फरक पडतो. हवेचा दाब वाढला, तर म्यूऑन खरोखरच कमी येतात. मग ती घट ढगामुळे होती, हे कशावरून? रोज ठेवलेल्या नोंदींवरून! शिवाय या नळ्या सोळा वेगवेगळ्या भागांत विभागल्या आहेत. एका भागाने चुकीची साक्ष दिली, तर बाकीचे पंधरा भाग ते उघड करतात. ज्या दिवशी आकाश स्वच्छ होते आणि काहीच विशेष घडले नाही, त्या दिवसांच्या नोंदीच वादळाच्या दिवशी उपयोगी पडल्या.

असेच काम आपल्या नाशिक जिल्ह्यातही केले जाते. लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले 'कृषक' केंद्र २००२ साली सुरू झाले. तेथे कोबाल्ट-६० चे गॅमा किरण वापरतात. योग्य मात्रा दिली की कांद्याला मोड येत नाहीत. कांदा त्यामुळे किरणोत्सारी होत नाही. २००७ साली अमेरिकेला पाठवलेल्या आंब्यांवरही तेथेच प्रक्रिया झाली. आंब्याला निदान ४०० ग्रे इतकी मात्रा मिळावी लागते. पण कोबाल्ट-६० चे सामर्थ्य सुमारे सव्वापाच वर्षांत निम्मे होते. म्हणजे महिन्याला ते साधारण एक टक्क्याने घटते. म्हणून वेळेचा हिसाब पुन्हा पुन्हा करावा लागतो आणि मालाला मिळालेली मात्रा मोजून पाहावी लागते. ती कमी पडली, तर फळातील कीड जिवंत राहील. रुग्णालयात कर्करोगावर किरणांचा उपचार करतात. तेथे माप चुकले, तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

हे काम करणाऱ्याला पदार्थविज्ञान आणि गणित यायला हवे. पण तेवढे पुरत नाही. आपल्याला हवे ते उत्तर यावे, असा मोह प्रत्येकाला होतो. गिऱ्हाईक पाहून काटा हलवणारा दुकानदार आणि उत्तर पाहून उपकरण फिरवणारा संशोधक, दोघेही सारखेच. म्हणून आधी पारख करायची, मग मोजायचे आणि जे येईल ते लिहायचे. वहीतला नावडता आकडाही खोडायचा नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या या वाटेने जाईल. त्याची सुरुवात आजही करता येते. शाळेच्या प्रयोगशाळेत तापमापी हाती आली, तर आधी ती वितळत्या बर्फात धरा. ती शून्य दाखवते का, ते पाहा. जे दिसेल, तेच वहीत लिहा.

शब्दार्थ
पारख – परीक्षा, तपासणी
ज्ञात – माहीत असलेले
मात्रा – ठरावीक प्रमाण
जिवावर बेतणे – जिवाला धोका होणे

स्वाध्याय
१. वजनकाटा आणि कणशोधक यांच्या तपासणीत कोणते साम्य आहे?
२. लासलगावच्या केंद्रात वेळेचा हिसाब पुन्हा पुन्हा का करावा लागतो?
३. कारण लिहा : स्वच्छ आकाशाच्या दिवसांच्या नोंदी वादळाच्या दिवशी उपयोगी पडल्या.
४. 'जिवावर बेतणे' हा वाक्प्रचार तुमच्या वाक्यात वापरा.