फॉरमॅट मारण्याआधी

हार्ड डिस्क बदलली आणि कॉम्प्युटर चालू होईना, की पहिला आळ नव्या डिस्कवर येतो. बुलढाणा जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली अशी जी यंत्रं प्रस्तुत लेखकाच्या हाताखालून गेली, त्यांत नवी डिस्क खरोखर खराब निघाल्याचं उदाहरण क्वचितच. डिस्क धडधाकट असते. तिच्यावरची विंडोज कुठून सुरू करायची, हे मदरबोर्डला सापडत नसतं. हा फरक ध्यानात आला नाही की माणूस घाबरतो, नको ते बटण दाबतो आणि अर्ध्या तासात सुधारला असता तो बिघाड वर्षांच्या कामावर पाणी फिरवून जातो.

मेहकर तालुक्यातल्या एका गावच्या सेवा केंद्राचीच गोष्ट घ्या. ग्रामपंचायतींत २०११ मध्ये ‘संग्राम’ योजनेतून कॉम्प्युटर आले, पुढे त्याच कामाला ‘आपले सरकार सेवा केंद्र’ हे नाव मिळालं. नाव बदललं, काम वाढलं, पण टेबलाखालचा डब्बा अनेक ठिकाणी त्याच पिढीतला राहिला. या केंद्रातलाही तसाच. ५०० जीबीची हार्ड डिस्क, तीवर विंडोज १०, आणि सकाळी बटण दाबलं की झाडलोट उरकेपर्यंत पडदा तयार होत नसे. अशा यंत्राला एसएसडी बसवणं हा सगळ्यात शहाणपणाचा खर्च, यात वाद नाही. केंद्रचालकानं २४० जीबीची एसएसडी आणली. ओळखीच्या एका मुलानं जुन्या डिस्कवरचा सी ड्राइव्ह तीवर जसाच्या तसा उतरवला, जुनी काढली, नवी लावली आणि बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी ओळ उमटली: ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’.

दिवस जुलैअखेरचे. खरिपाच्या पीकविम्याची मुदत तोंडावर, दाराशी सातबारा आणि पासबुकाच्या झेरॉक्स घेतलेली माणसं.

‘भाऊ, चालू होऊन नाही राहिला,’ एवढंच फोनवर. तोवर मुलानं केबल बदलून पाहिली होती, रॅम काढून खोडरबरानं पुसली होती (आपल्याकडे कोणत्याही बिघाडावर आधी रॅमच पुसली जाते) आणि एसएसडी डुप्लिकेट असल्याचा निकाल दिला होता. केंद्रचालक एसटीनं खामगाव गाठून आला. दुकानदारानं तीच एसएसडी दुसऱ्या यंत्राला जोडून दाखवली. सगळ्या फाइली जागच्या जागी. परतल्यावर दुसरा निकाल तयार: जुन्या डिस्कला फॉरमॅट मारू, तिच्यावर नवीन विंडोज मारू आणि एसएसडी परत करू. म्हणजे कामाची मूळ प्रत पुसायची आणि नक्कल दुकानात परत द्यायची. फोन नेमका त्याआधी आला म्हणून बरं.

जुनी डिस्क यूएसबी केबलनं लॅपटॉपला जोडून विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट उघडलं, तर कारण समोरच होतं. पट्ट्यांच्या रांगेत सी आणि डी यांच्या आधी, अगदी डाव्या टोकाला, एक चिंचोळी पट्टी. तिला अक्षर नाही. नाव ‘सिस्टिम रिझर्व्ह्ड’, आकार ५०० एमबी, पुढे ‘ॲक्टिव्ह’ असा शेरा. नव्या एसएसडीवर ती पट्टीच नव्हती.

जुन्या पद्धतीच्या यंत्रात बटण दाबल्यावर बायोस डिस्कचा पहिला सेक्टर वाचते. तो अवघा ५१२ बाइटांचा. त्यातल्या पहिल्या ४४६ बाइटांत एक छोटा प्रोग्राम, पुढच्या ६४ बाइटांत विभागांचा तक्ता आणि शेवटच्या दोन बाइटांत ओळखीची खूण. हा तक्ता म्हणजे डिस्कचा गटनकाशा: कोणता तुकडा कुठून सुरू होतो, केवढा आहे आणि त्यातला ‘ॲक्टिव्ह’ कोणता. प्रोग्राम त्या ॲक्टिव्ह तुकड्यात जाऊन विंडोजचा बूट मॅनेजर शोधतो. कोऱ्या डिस्कवर विंडोज टाकली की हा बूट मॅनेजर सी ड्राइव्हमध्ये जात नाही. तो त्या बिनअक्षरी पट्टीत बसतो. विंडोज ७ मध्ये ती १०० एमबीची असे, १० मध्ये सुमारे ५०० एमबीची. फक्त सी उतरवला की घरातलं सगळं सामान येतं आणि दार मागे राहतं.

उपाय दोन. सरळ उपाय म्हणजे एकट्या सी ड्राइव्हची नक्कल न करता अख्ख्या डिस्कची करायची. जुनी ५०० जीबीची आणि नवी २४० जीबीची असेल तर जुनीवरचे विभाग आधी आकसून घ्यावे लागतात. मेहकरच्या यंत्रावर दुसरा उपाय केला. विंडोजचा बूटेबल पेनड्राइव्ह लावला, पहिल्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबून काळी खिडकी उघडली, डिस्कपार्टमधून नव्या डिस्कवरचा विभाग ‘ॲक्टिव्ह’ केला, बूटसेक्ट आणि बीसीडीबूट या दोन आज्ञांनी बूटचा कोड आणि फाइली नव्याने लिहिल्या. विंडोज उठली.

इथे दोन धोके आहेत. पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू केलं की ड्राइव्हची अक्षरं बदलू शकतात. रोजचा सी तिथे डी म्हणून दिसतो. आज्ञा देण्याआधी आत विंडोज नावाचं फोल्डर आहे का, ते पाहून घ्यावं. आणि डिस्कपार्टमध्ये ‘क्लीन’ नावाची एक आज्ञा आहे. ती ‘नक्की का?’ असं विचारतसुद्धा नाही. निवडलेल्या डिस्कचा तक्ता पुसून मोकळी होते. व्हिडिओ पाहून आज्ञा टाइप करणाऱ्यांनी या शब्दापासून दूर राहावं.

साधारण २०१२ नंतरच्या यंत्रांत बायोसची जागा यूईएफआयनं घेतली आणि डिस्कवरच्या तक्त्याची पद्धतही बदलली. जुनी पद्धत एमबीआर, नवी जीपीटी. एमबीआरला दोन टीबीच्या पुढची जागा मोजता येत नाही. जीपीटी डिस्कवर बूटच्या फाइली ईएफआय नावाच्या वेगळ्या, बहुधा १०० एमबीच्या विभागात असतात. मेख अशी की यंत्र एका पद्धतीनं शोधतं आणि डिस्क दुसऱ्या पद्धतीनं लिहिलेली असते. डिस्कचं नाव मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये व्यवस्थित दिसतं, विंडोज मात्र उठत नाही. अशा वेळी सेटिंगमधल्या ‘लेगसी’ किंवा ‘सीएसएम’ या पर्यायाकडे पाहावं आणि जुन्या डिस्कवर जी पद्धत होती तीच ठेवावी. बूटच्या यादीत डिस्कच्या नावाऐवजी ‘विंडोज बूट मॅनेजर’ अशी नोंद असेल तर ती निवडावी. एमबीआरची जीपीटी करायचीच असेल, तर विंडोज १० मध्ये २०१७ पासून ‘एमबीआर२जीपीटी’ हे साधन आहे. ते फाइली न पुसता रूपांतर करतं. तरीही नक्कल हाताशी ठेवूनच.

चिखलीतल्या एका लग्नपत्रिका छापणाऱ्याचं दुखणं वेगळं होतं. त्याच्या यंत्रात जुनी हार्ड डिस्क तशीच ठेवून शेजारी एसएसडी बसवली आणि तिच्यावर नवी विंडोज टाकली. काम मजेत चाललं. पुढे जुनी डिस्क कुरकुर करायला लागली म्हणून काढली, आणि एसएसडीवरची विंडोज उठेना. विंडोज टाकताना दुसरी डिस्क जोडलेली असेल आणि तिच्यावर आधीचा बूट विभाग असेल, तर नवा बूट मॅनेजरही तिथेच जाऊन बसतो. जुनी डिस्क परत लावली असती तर यंत्र उठलं असतं आणि बूटच्या फाइली एसएसडीवर हलवता आल्या असत्या. पण एसएसडीला फॉरमॅट मारून झालं होतं. पत्रिकांच्या कोरलच्या फाइली पेनड्राइव्हवर होत्या, त्या वाचल्या. त्यांत वापरलेले जुन्या पद्धतीचे मराठी फाँट मात्र विंडोजच्या फोल्डरात होते, ते गेले. फाँट नसताना पत्रिका उघडली तर गणपतीच्या चित्राखाली ‘श्री’ऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. लगीनसराईत हे परवडत नाही. म्हणून विंडोज टाकताना नवी डिस्क एकटीच जोडावी, बाकीच्या डिस्कच्या केबली काढून ठेवाव्यात.

आपल्याकडे लाइट जाण्याचं प्रमाण पाहता जुन्या डेस्कटॉपमधल्या बॅटरीची चौकशी हवीच. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी सीआर२०३२ ही तीन व्होल्टची बॅटरी असते. ती मेली की लाइट गेल्यावर सेटिंग मूळपदावर येतात, तारीख काही वर्षं मागे जाते. डिस्क जोडण्याची पद्धत ‘एएचसीआय’वरून ‘आयडीई’वर घसरली की निळा पडदा आणि ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’. लोकांना वाटतं, कालच बसवलेली डिस्क आज गेली. ओळखण्याची खूण सोपी: यंत्र चाललं तरी तारीख चुकीची असल्यानं वेबसाइट सुरक्षिततेची तक्रार करून उघडत नाहीत. नवी बॅटरी टाकावी, सेटिंग पूर्ववत करावी. डिस्कला हात लावायचं कारण नाही.

लॅपटॉपची तऱ्हा आणखी निराळी. एम.२ आकाराची एसएसडी सपाट पट्टीसारखी असते, पण त्यात साटा आणि एनव्हीएमई अशा दोन जाती आहेत. दोन्ही एकाच खाचेत बसल्यासारख्या वाटतात. खाच मात्र दोन्हींना चालतेच असं नाही. दुकानात नुसतं ‘एम.२ द्या’ म्हणू नये. लॅपटॉपचा मॉडेल क्रमांक सांगून जात विचारावी. २०१४ च्या आधीच्या बहुतेक मदरबोर्डांना एनव्हीएमईवरून बूटच होता येत नाही, तिथे अडीच इंची साटा एसएसडीच घ्यावी. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपांत विंडोज टाकताना डिस्क यादीतच दिसत नाही. कारण बहुधा ‘व्हीएमडी’ नावाची सेटिंग. कंपनीच्या वेबसाइटवरचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ‘लोड ड्रायव्हर’मधून दिला की डिस्क दिसते. आधीपासून चालू असलेल्या विंडोजवर ही सेटिंग उगाच बदलली, तर तोच निळा पडदा पाहायला मिळतो.

मग सुरुवात कुठून करायची? पडद्यावरची ओळ आधी वाचावी, मोबाइलमध्ये तिचा फोटो काढावा. पेनड्राइव्ह, प्रिंटर, अंगठ्याचं यंत्र सगळं काढून पुन्हा एकदा चालू करून पाहावं. विसरलेला पेनड्राइव्ह हा खरा गुन्हेगार असल्याचं अनेकदा निघालं आहे. मग डिलीट किंवा एफ२ दाबून सेटिंगमध्ये जावं आणि नव्या डिस्कचं नाव दिसतं का एवढंच पाहावं. नाव दिसत नसेल तर प्रश्न केबल, पोर्ट किंवा खाचेचा. तिथे विंडोजच्या आज्ञा देऊन काही होणार नाही. नाव दिसत असेल तर प्रश्न बूटचा. तिथे केबली बदलत बसण्यात आणि खामगावच्या फेऱ्या मारण्यात अर्थ नाही. शेवटी जुनी डिस्क परत लावून पाहावी. ती उठली तर यंत्र ठीक, नक्कल अर्धवट.

जुन्या डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर हा शेवटचा प्रयोग करू नये. तिच्यावर जितके कमी तास घालवाल तितकं बरं. आधी कामाच्या फाइली बाहेर काढाव्यात, मग नकलेचा विचार.

कामाच्या फाइली डी ड्राइव्हमध्ये आहेत, असं सगळेच सांगतात. प्रत्यक्षात डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं, डाउनलोड केलेले दाखले, फाँट हे सारं सी ड्राइव्हच्या पोटात असतं. टॅलीचा डेटाही बरेचदा तिथेच सापडतो. फॉरमॅट मारणारा ‘डी सुरक्षित आहे’ म्हणतो तेव्हा तो खरंच बोलत असतो, पण दुकानाचा हिशोब सीमध्ये असतो. नवी डिस्क चालू झाल्यावरही जुनीला निदान महिनाभर हात लावू नये. तिच्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवून कपाटात ठेवावी.

ज्यांच्याकडे विंडोज ११ चा लॅपटॉप आहे, त्यांनी स्क्रू खोलण्याआधी एक काम करावं. अशा अनेक लॅपटॉपांत बिटलॉकरचं कुलूप आपोआप लागलेलं असतं आणि सेटिंग बदलली किंवा डिस्क दुसरीकडे जोडली की यंत्र ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॅपटॉप सुरू केला त्या खात्यात जमा असते. लॅपटॉप दुकानातच सुरू करून मिळाला असेल, तर ते खातं कुणाच्या ईमेलवर आहे हे आजच पाहा, की कागदावर उतरवा आणि तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नका.