नागपूर की सेवाग्राम?

प्रश्न : मुलीला एमबीबीएससाठी नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा सेवाग्रामची महात्मा गांधी संस्था मिळेल असं दिसतंय. पहिली पसंती कोणाला द्यावी? – एक पालक, यवतमाळ

उत्तर : दोन्हीकडे पदवी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचीच. त्यामुळे ‘चांगलं कुठलं’ यापेक्षा मुलगी कुठे रमेल, हे बघा.

नागपूरकरांचं ‘मेडिकल’ १९४७चं. रुग्णांची रीघ मध्य प्रदेश, छत्तीसगडपर्यंतची, वर्गात अडीचशेच्या आसपास मुलं. हात धरून शिकवायला कोणी थांबत नाही. वॉर्डात स्वतः पुढे होणारी, प्रश्न विचारणारी मुलगी तिथे भराभर तयार होते. बुजरी मात्र मागच्या रांगेत राहू शकते.

सेवाग्रामची संस्था डॉ. सुशीला नायर यांनी १९६९मध्ये उभारली. वर्ग लहान. सुरुवातीलाच आश्रमात शिबिर, मग दत्तक गावात मुक्काम. वाट्याला आलेल्या कुटुंबांत जाऊन कोणाचा रक्तदाब, कोणाच्या बाळाचं वजन, घरात पाणी कुठून येतं, हे सगळं टिपायचं. खादी आणि शाकाहार हा तिथल्या शिस्तीचा भाग. हे तिला मनापासून पटलं पाहिजे. केवळ तुम्हाला पटून भागणार नाही.

फीमधला फरक आधी नीट विचारून घ्या. शासकीय फी कमी असते.

सुटीच्या दिवशी नको, कामाच्या दिवशी दोन्हीकडे जाऊन या. इंटर्न मुलींना गाठा. पहिली सलाईन कोणी लावायला शिकवली, अडलं तर कोणाकडे जाता, वसतिगृहात रात्री अकराला जेवण मिळतं का, हे मुलीलाच विचारू द्या. तुम्ही बाहेर चहा घ्या. पसंतीक्रमही तिलाच भरू द्या. वरची पसंती पुढच्या फेरीत मिळाली की खालची जागा हातची जाते.