‘पाणी आहे का’ असं विचारू नका

जव्हारच्या ज्या बंगल्यात आम्ही मे महिन्यात उतरलो, त्याच्या मालकाने आमच्यानंतरच्या पार्टीला सांगितलं, ‘आधीची वसईची माणसं फार कटकटी होती, पाण्यावरून भांडून गेली.’ ती पार्टी माझ्या नणंदेच्या ऑफिसातलीच निघाली, म्हणून हे आमच्या कानावर आलं. हो, भांडलो पाण्यावरून. भर उन्हाळ्यात, आगाऊ पैसे मोजून, लेखी खात्री घेऊन गेलेल्या माणसांनी पाण्यावरून भांडायचं नाही तर कशावरून भांडायचं?

लेखी खात्री हा शब्द मी जपून वापरते आहे. आमच्या आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, गुडघा बदललेला. खाली बसता येत नाही, ओल्या फरशीवर भीती वाटते, भरलेली बादली तर उचलताच येत नाही. त्यामुळे बुकिंगच्या आधी मी व्हॉट्सअॅपवर एकेक गोष्ट विचारून घेतली. तळमजल्यावर खोली आहे का, कमोड आहे का, स्वयंपाकघर वापरायला मिळेल का, पाणी आहे का. उत्तर आलं, ‘बोअरवेल आहे मॅडम, २४ तास पाणी, टेन्शन नको.’ पाठोपाठ निळ्याशार स्विमिंग पूलचा व्हिडिओ. मग मी शुक्रवार ते रविवारचं २८,००० रुपये भाडं आणि १०,००० डिपॉझिट जीपेने पाठवलं. ‘नीट चौकशी करायला हवी होती’ असं ज्यांनी ज्यांनी मला ऐकवलं, त्या सगळ्यांना मी हे मेसेज दाखवले आहेत.

रस्त्याबद्दल फार लिहीत नाही. अहमदाबाद हायवेच्या १२१ किलोमीटरच्या पट्ट्यात काँक्रीटचं काम निघाल्यापासून त्याची काय दशा झाली ते विरार-वसईच्या माणसाला सांगायला नको. आम्ही खानिवडे टोलनाक्याच्या अलीकडेच अडकलो. सकाळी सहाच्या आत विरार फाटा सोडला तरच जमतं. भाजी, दूध, बर्फ जे काय घ्यायचं ते मनोरच्या मस्तान नाक्यावर घेऊन टाका. पुढे विक्रमगड लागतं, पण बंगल्याजवळ काही मिळेल या भरवशावर राहू नका. वाटेत बायका पानांच्या द्रोणात करवंदं आणि जांभळं घेऊन बसलेल्या असतात. ती घ्या, आणि घासाघीस करू नका.

बंगला दिसायला फोटोतल्यासारखाच होता. पूल काठोकाठ भरलेला. मुलं गाडीतून उतरून थेट पाण्यातच. दुपारी ऊन भाजून काढत होतं, पण संध्याकाळी डोंगरावरून वारा सुटला तेव्हा सगळे खूश. आमच्या दोन घरांची मिळून दहा माणसं, कितीतरी वर्षांनी एकत्र जेवायला बसणार होती.

जेवायच्या आधी आई बाथरूममध्ये गेल्या आणि आतून मला हाका मारू लागल्या. नळ सुरू होता. आधी नुसती हवा फुसफुसली, मग चूळभर गढूळ पाणी आलं, मग तेही थांबलं. त्या अंगाला साबण लावून, कठड्याला धरून उभ्या होत्या. मी धावत बाहेर आले तर केअरटेकर मावशी आधीच एक बादली घेऊन येत होत्या. बादली आत दिली, आईंना सावरलं, आणि बाहेर येऊन मी मावशींना म्हटलं, ‘वरची टाकी संपलेली दिसते, जरा मोटर लावता का?’

मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, ‘मोटर लावून काय उपेग, ताई? होळीपासून बोअरला पाणी नाय. शेटला ठाऊक आहे. पार्टी यायची असली की टँकर मागवतो.’

‘मग आमच्यासाठी नाही मागवला?’

‘मागवला ना. परवा दोन आले. ते पुलात सोडले.’

मी तिथेच व्हरांड्यात मोबाईल काढून मालकाचा मेसेज पुन्हा वाचला. होळी मार्चात होऊन गेली होती. ‘बोअरवेल आहे, २४ तास पाणी’ हे वाक्य त्याने मला एप्रिलच्या अखेरीला लिहिलं होतं. म्हणजे विसरला, गैरसमज झाला, बोअर अचानक आटली, यातलं काहीच नव्हतं. बोअर कोरडी आहे हे माहीत असताना त्याने ते वाक्य टाइप केलं. आणि आणलेलं पाणी कुठे ओतायचं हे ठरवायची वेळ आली तेव्हा फोटोत दिसणारी जागा निवडली. घरात म्हातारं माणूस येणार आहे, हे त्याला मी स्वतः लिहून कळवलं होतं. माझा राग आजही शमलेला नाही तो या गोष्टीचा आहे. गैरसोय काय, आम्ही वसईत पुष्कळ सोसली आहे. सोसायटीच्या फाटकातून आत वळणारा टँकर आम्ही झोपेतही आवाजावरून ओळखतो.

मालकाने फोन उचलला तो बऱ्याच वेळाने. ‘मॅडम, गावाकडे असं चालतंच, जरा अॅडजस्ट करा.’ मग, ‘इतक्या जणांनी आंघोळी केल्या तर कुठलंही पाणी संपेल.’ मग, ‘पूल भरलेला आहे ना, बादलीने घ्या.’ मी गुडघ्याच्या ऑपरेशनची आठवण करून दिली तर म्हणाला, ‘पेशंटला घेऊन कशाला फिरता?’ आणि शेवटी, ‘उद्या टँकर पाठवतो, त्याचे ३,००० तुम्हाला द्यावे लागतील.’ या सगळ्या बोलण्यात आवाज चढला तो एकट्या माझा. तो शांतपणे बोलत होता. हे सगळं त्याच्या सवयीचं होतं.

रात्रभर आमचे हे आणि नणंदेचे मिस्टर पूलच्या क्लोरीनच्या पाण्याच्या बादल्या संडासात नेऊन ओतत होते. पिण्याचे जार जव्हारच्या बाजारातून आणले.

पहाटे चहाला उठले तर मावशी कुठे दिसेनात. त्या खालच्या पाड्यावरच्या विहिरीवर गेल्या होत्या. परत आल्या त्या डोक्यावर दोन हंडे घेऊन, आणि तेव्हा कळलं, आदल्या संध्याकाळी आईंना दिलेली बादली त्यांच्या स्वतःच्या घरातल्या पिंपातली होती. मला काय बोलावं सुचेना. विहिरीपाशी बायका रात्रीच नंबर लावतात. झरा हळूहळू पाझरतो, जेवढं साठेल तेवढं उपसायचं. जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात कोसळतो म्हणजे कोसळतो, पण सगळा काळा कातळ आणि उतार. पाणी मुरत नाही, वाहून जातं, आणि एप्रिल-मेमध्ये पाडेच्या पाडे सरकारी टँकरकडे डोळे लावून बसतात. याच डोंगरांमधून येणाऱ्या सूर्या नदीचं पाणी धामणी धरणातून नळाने आमच्या वसई-विरारला येतं. ते धरण विक्रमगड तालुक्यात, म्हणजे आम्ही ज्या तालुक्यातून गाडी हाकत गेलो तिथलंच. सूर्याच्या नव्या योजनेत रोजच्या ४०३ दशलक्ष लिटरपैकी १८५ आमच्या महापालिकेला आणि २१८ मीरा-भाईंदरला धरलेले आहेत. आकडे मला आधीपासून पाठ होते, आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यावर तावातावाने बोलणं होतं. पण हंडे डोक्यावर घेतलेल्या मावशींच्या समोर बसून तो चहा मला गेला नाही. आणि त्या मालकाने या पाड्याच्या डोक्यावर दोन टँकर पाणी आमच्या पोरांना डुंबायला ओतलं होतं.

शनिवारी दुपारी आम्ही निघालो. जाताना मुकणे संस्थानिकांचा जयविलास राजवाडा मुलांना दाखवला, बाकी काही पाहायची कोणाची इच्छा राहिली नव्हती. त्याच रात्री मालकाचा मेसेज आला. लवकर गेलात हा तुमचा निर्णय, रविवारचं भाडं परत मिळणार नाही, आणि ‘पूलचं पाणी खराब केल्यामुळे’ पूर्ण डिपॉझिट कापलं आहे. जे पाणी बादलीने घ्यायला त्याने स्वतः सांगितलं, त्याचेच १०,००० रुपये!

आता तुम्ही निघणार असाल, जव्हारला, वाड्याला, मोखाड्याला किंवा कुठल्याही डोंगरातल्या भाड्याच्या घरात, तर ‘पाणी आहे का’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘आहे’ असंच येतं. पाणी कुठून येतं ते विचारा. ग्रामपंचायतीचा नळ, विहीर, बोअर की टँकर? बोअर असेल तर गेल्या उन्हाळ्यात कुठल्या महिन्यापर्यंत चालली? शेवटचा टँकर कधी आला होता? वरची टाकी किती लिटरची? शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. म्हणजे दहा माणसांना दिवसाला १,३५० लिटर. गच्चीवर हजार लिटरची एकच काळी टाकी असेल तर पहिल्याच संध्याकाळी ती संपणार, हा साधा हिशेब आहे. टँकर लागलाच तर पैसे कोणाचे, हेही आधीच लिहून घ्या. पूलचा व्हिडिओ मागू नका. बाथरूमचा नळ सोडलेला, त्याच दिवशीचा व्हिडिओ मागा, आणि उन्हाळ्यात पूलची जाहिरात करणाऱ्या बंगल्याला पाण्याचा प्रश्न दुप्पट वेळा विचारा.

दुसरं, पैसे पाठवायच्या आधी केअरटेकरचा नंबर घ्या आणि त्याच्याशी स्वतः बोला. मालक मुंबईत किंवा ठाण्यात बसलेला असतो, घर सांभाळणारा पाड्यावरचा असतो, आणि तो सहसा खोटं बोलत नाही. आमच्या मालकाने ‘तिथे रेंज नसते’ म्हणून नंबर द्यायचं टाळलं होतं. प्रत्यक्षात मावशींचा फोन व्यवस्थित लागत होता. निघताना त्यांच्या हातात पैसे द्या, मालकाकडे ‘सर्व्हिस’ म्हणून दिलेले पैसे त्यांच्यापर्यंत पोचतात असं धरून चालू नका. आम्ही मावशींना विचारलं तेव्हा त्यांना त्यातलं काहीच मिळत नव्हतं.

भाडं आणि डिपॉझिट एकदम देऊ नका. निम्मं आधी, उरलेलं घर पाहून, आणि डिपॉझिट परत कधी व कशासाठी कापलं जाईल ते मेसेजमध्ये. पर्यटन विभागाकडे ‘न्याहरी व निवास’ योजनेत किंवा २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली नोंदणी आहे का, ते विचारा आणि प्रमाणपत्राचा फोटो मागा. आत गेल्या गेल्या प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, निघतानाही काढा. वयस्कर माणसांची औषधं गाडीच्या डिकीत ठेवू नका, उन्हाने खराब होतात. मुलांना पूलजवळ एकटं सोडू नका.

आणि फसवणूक झालीच तर ‘जाऊ दे’ म्हणून सोडू नका, कारण असे मालक त्याच ‘जाऊ दे’वर जगतात. भाड्याचं घर ही विकत घेतलेली सेवा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, मालकाच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. वकील केलाच पाहिजे असंही नाही. सुरुवात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनपासून करा. मेसेज डिलीट करू नका, समोरच्याने डिलीट करायच्या आत स्क्रीनशॉट घ्या. माझ्याकडे ‘बोअरवेल, २४ तास’ तारखेसकट आहे, आणि ‘पूलचं पाणी बादलीने घ्या’ हेही आहे, कारण फोन ठेवल्यावर मी त्याला तेच लेखी द्यायला लावलं होतं.

मी १९१५ वर तक्रार नोंदवली आणि त्या बंगल्याच्या पानावर घडलं ते जसंच्या तसं लिहिलं. त्यानंतर मालकाचा पहिल्यांदा स्वतःहून फोन आला. रिव्ह्यू काढलात तर पाच हजार परत करतो, पुढच्या वेळी डिस्काउंटही देतो, म्हणाला. मी त्याला सांगितलं, डिपॉझिटचे पूर्ण दहा हजार हवेत, रविवारचं भाडं हवं, आणि जाहिरातीत पूलच्या फोटोखाली ‘होळीनंतर पाणी टँकरचं’ ही ओळ हवी. पैशांवर तो अजून बोलायला तयार आहे. ती ओळ टाकायला मात्र साफ नाही म्हणतो, म्हणून मी आता आयोगाकडे जायचे कागद तयार करते आहे.