जळकी तार भंगारात टाकण्याआधी

रेवदंड्यात मी मोटरी भरायचं काम करतो. जळालेली मोटर घेऊन येणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, "कधी मिळेल?" पाणी योजनेची मोटर असेल तर घाई रास्तच, टाकी रिकामी आणि वाडीतल्या विहिरींना मचूळ पाणी. पण ती का जळाली, हे विचारणारा क्वचित भेटतो.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतरची गोष्ट. खांब आडवे झालेले, लाईट आली तरी मध्येच एक फेज गायब. जवळच्या एका योजनेची १५ एचपीची मोटर जळाली. दुसरीकडून घाईने भरून घेतली, जुनी तार भंगारात गेली. मोटर पुन्हा जळाली, तेव्हा माझ्याकडे आली. उघडली तर एका फेजच्या कॉइली कोळसा, बाकी दोन फेजच्या जवळपास नव्यासारख्या. डेल्टा जोडणीत फेज तुटल्याची हीच खूण: एका वायंडिंगवर पूर्ण व्होल्टेज, उरलेल्या दोन निम्मंनिम्मं वाटून घेतात. स्टार जोडणीत उलट, दोन फेज जळतात आणि एक वाचतो. सगळ्याच सारख्या काळ्या असतील तर पंप अडकला होता का, व्होल्टेज कमी होतं का, ते बघायचं.

मग जादा करंटला मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले का पडला नाही? पाटीवर २१ अँपियर, म्हणून रिलेही २१ वर लावलेला. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले बहुधा वायंडिंगच्या वाटेवर असतो. तिथे पाटीवरच्या आकड्याच्या ०.५८ पट, म्हणजे १२ च्या आसपास लावायचा. हे चुकलेलं मला फार ठिकाणी दिसतं आणि दर वेळी जीव तळमळतो, कारण दुरुस्तीला एक स्क्रू-ड्रायव्हर पुरतो.

म्हणून मोटर आपल्या समोर उघडायला लावा, कॉइल कापण्याआधी फोटो काढा. मैलापाणी शुद्धीकरणात हवा सोडणाऱ्या ब्लोअरच्या मोटरीचंही तेच. तिथे मोटर थांबली की हवेवर जगणारे जिवाणू मरू लागतात.

आपल्याकडे खारा वारा टर्मिनल बॉक्समध्येही शिरतो. पावसाळ्यात बंद राहिलेल्या मोटरीला आधी ५०० व्होल्टचा मेगर मारून इन्सुलेशन तपासा. एक मेगाओहमच्या खाली दाखवलं तर चालू करू नका. खारं पाणी आत गेलं असेल तर गोड्या पाण्याने धुऊन मगच सुकवा, नाहीतर आत राहिलेलं मीठ पुन्हा ओल ओढतं.

मोटर बसवल्यावर वायरमनकडून सिंगल फेज प्रिव्हेंटरची, म्हणजे एक फेज गेला की मोटर चालू न देणाऱ्या उपकरणाची, एक चाचणी करून घ्या. मेन बंद करून एक फ्यूज काढायचा, मेन लावायचं, स्टार्टर दाबायचा. मोटर सुरू होता कामा नये. तिन्ही फेजवर आळीपाळीने बघा. नुसती घुमली तरी लगेच बंद करा आणि प्रिव्हेंटर बदलल्याशिवाय पाणी सोडू नका.