रोबोटच्या साहाय्याने प्रोस्टेटची शस्त्रक्रिया : काय काढायचं, काय जपायचं?

विज्ञानाच्या पुस्तकात पुरुष प्रजननसंस्था शिकताना 'पुरःस्थ ग्रंथी' हे नाव आपण वाचतो आणि पुढे जातो. व्यवहारात तिलाच प्रोस्टेट म्हणतात. पण घरातल्या आजोबांना किंवा वडिलांना डॉक्टर म्हणतात, "प्रोस्टेट काढावं लागेल, रोबोटने करू", तेव्हा सगळं घर गोंधळून जातं. म्हणून आज आपण ही शस्त्रक्रिया नीट समजून घेऊ या.

आधी एक फरक
उतारवयात प्रोस्टेट वाढून लघवी अडते, तेव्हा बहुतेक वेळा मूत्रमार्गातून दुर्बीण घालून ग्रंथीचा फक्त आतला भाग काढतात. तो कर्करोग नव्हे. आजचा विषय वेगळा आहे. कर्करोग ग्रंथीपुरताच मर्यादित असेल, तर संपूर्ण ग्रंथी शुक्राशयांसह काढतात.

अडचण कुठे आहे?
अक्रोडाएवढी ही ग्रंथी ओटीपोटात अगदी खोल बसलेली असते. वर मूत्राशय, मागे गुदाशय, खाली लघवी रोखून धरणारा स्नायू आणि मधूनच जाणारा मूत्रमार्ग. शिवाय दोन्ही बाजूंना चिकटून ताठरतेच्या नसांचे बारीक जुडगे. म्हणजे सर्जनला तीन गोष्टी एकदम साधायच्या असतात : कर्करोग पूर्ण निघावा, लघवीवर ताबा राहावा आणि लैंगिक क्षमता शक्य तितकी टिकावी.

या नसा नेमक्या कुठून जातात हे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सचे डॉ. पॅट्रिक वॉल्श आणि नेदरलँड्सचे डॉ. पीटर डोंकर यांनी शोधलं. १९८२ मध्ये वॉल्श यांनी नसा जाणीवपूर्वक वाचवून शस्त्रक्रिया केली. तेव्हा रोबोट नव्हता हे लक्षात ठेवा! पुढे २००० नंतर डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलमध्ये भारतीय वंशाचे डॉ. मणी मेनन यांनी रोबोटची पद्धत रुळवली.

रोबोट काय करतो?
रोबोट स्वतःहून एक टाकाही घालत नाही. सर्जन थोड्या अंतरावर कॉन्सोलवर बसतो. त्याला आतलं दृश्य मोठं आणि त्रिमितीय दिसतं. त्याच्या हाताची हालचाल लहान होऊन आतल्या अवजारांपर्यंत पोहोचते आणि हाताची थरथर गाळली जाते. अवजाराचं टोक मनगटासारखं वळतं, त्यामुळे अरुंद जागेतही टाके घालता येतात. उणीव अशी, की बहुतेक यंत्रांत हाताला स्पर्श जाणवत नाही. ताण किती पडतोय हे डोळ्यांनीच ओळखावं लागतं.

शस्त्रक्रियेचे टप्पे
१. रुग्णाला भूल देऊन डोकं खाली, पाय वर अशा उतारावर झोपवतात. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात आणि पाच-सहा लहान छिद्रांतून अवजारं घालतात.
२. मूत्राशयाचं तोंड ग्रंथीपासून सोडवतात. शुक्रवाहिन्या कापतात, शुक्राशय मोकळे करतात.
३. नसांचे जुडगे ग्रंथीवरून हळूच सोलून बाजूला करतात. उष्णतेने नसा दुखावतात, म्हणून इथे डाग देणं शक्यतो टाळून क्लिप आणि कात्री वापरतात. मात्र गाठ त्या बाजूला कडेपर्यंत आली असेल, तर नसेचा मोह सोडावा लागतो.
४. खालच्या टोकाला मूत्रमार्ग शक्य तितका लांब राखून कापतात. ग्रंथी पिशवीत घालून बाहेर काढतात.
५. मूत्राशय आणि मूत्रमार्ग टाक्यांनी पुन्हा जोडतात. जोड भरून येईपर्यंत, साधारण आठवडाभर, लघवीची नळी ठेवतात.

नेहमीच्या पद्धतीत मूत्राशय पुढच्या भिंतीपासून सोडवून ग्रंथीपर्यंत जातात. इटलीतील मिलानच्या डॉ. आल्डो बोक्चार्दी यांनी मूत्राशयाच्या मागून जाण्याची पद्धत मांडली. तिला 'रेट्झियस-स्पेअरिंग' म्हणतात. पुढचे आधार शाबूत राहिल्याने लघवीवरचा ताबा लवकर येतो. पण ती शिकायला अवघड आहे.

मग रोबोटच उत्तम का?
ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे उघडी आणि रोबोटची शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. ती २०१६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. रोबोटच्या गटात रक्तस्राव कमी झाला, दवाखान्यातला मुक्कामही कमी. पण १२ आठवड्यांनी लघवीचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. थोडक्यात, यंत्र मदत करतं, पण खरा फरक सर्जनच्या अनुभवाने पडतो.

म्हणून घरात अशी वेळ आली तर संकोच न करता विचारा : तुम्ही अशा किती शस्त्रक्रिया केल्या? आमच्या रुग्णाच्या नसा वाचवता येतील का, आणि कोणत्या बाजूच्या? लघवीचा ताबा यायला किती महिने लागतील? शस्त्रक्रियेऐवजी रेडिएशन चालेल का? आणि कमी जोखमीचा कर्करोग असेल, तर नियमित तपासण्या करत थांबता येईल का? हे विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. सही आपली असते, म्हणून समजूनही आपणच घ्यायचं.

सरावासाठी प्रश्न
१. प्रोस्टेटच्या शेजारचे अवयव सांगा.
२. नसांजवळ उष्णता का टाळतात?
३. रोबोटचे दोन फायदे आणि एक उणीव लिहा.